शपथेतील ‘मी’ : पर्यावरणविषयक प्रतिज्ञांच्या मराठीची समीक्षा

जागतिक संकटाचे निवारण व्यक्तीच्या नित्य वर्तनातून व्हावे, ह्या कल्पनेवर उभे राहिलेले एक नवे गद्य गेल्या काही वर्षांत मराठीत आले आहे. शपथ, प्रतिज्ञा, संकल्पपत्र, फलकावरील सूचना अशी त्याची रूपे आहेत. वाङ्मयसमीक्षकांनी त्याची दखल घेतलेली नाही, आणि ते त्यांच्या रीतीस धरूनच आहे. परंतु कोणत्याही कादंबरीच्या वाट्यास न येणारे भाग्य ह्या गद्यास लाभले आहे. ते शेकडो माणसे उभी राहून, उजवा हात पुढे करून, एका सुरात मोठ्याने म्हणतात. ज्या गद्याचा उच्चार इतक्या मुखांनी होतो त्याचे व्याकरण तपासणे हे भाषाभ्यासकाचे काम होय. प्रस्तुत लेखात तेवढेच करावयाचे आहे. ह्या उपक्रमांच्या हेतूविषयी येथे शंका घ्यावयाची नाही; हेतू चांगला असूनही वाक्य फसू शकते, हे मात्र दाखवावयाचे आहे.

ह्या गद्याची अलीकडची परंपरा थोडक्यात अशी. ग्लासगो येथील हवामान परिषदेत १ नोव्हेंबर २०२१ रोजी भारताच्या पंतप्रधानांनी ‘लाइफ’, म्हणजे पर्यावरणासाठी जीवनशैली, हा शब्द जगापुढे ठेवला. आणि २० ऑक्टोबर २०२२ रोजी गुजरातेत केवडिया येथे, संयुक्त राष्ट्रांचे सरचिटणीस गुटेरेस ह्यांच्या उपस्थितीत, त्या नावाचे अभियान सुरू झाले. त्याबरोबर व्यक्तीने करावयाच्या ७५ कृतींची यादी आली. ऊर्जा, पाणी, एकदाच वापरावयाचे प्लास्टिक, अन्न, कचरा, आरोग्य आणि इलेक्ट्रॉनिक कचरा असे तिचे सात वर्ग आहेत. महाराष्ट्रात त्यापूर्वीच, २ ऑक्टोबर २०२० रोजी, ‘माझी वसुंधरा’ अभियान सुरू झाले होते. त्याची मांडणी पंचमहाभूतांवर आहे आणि त्यातही शपथ आहे. ‘वसुंधरा’ हा शब्द ह्या अर्थाने आपल्याकडे रूढ झाला तो १९९२ च्या रिओ येथील परिषदेपासून. तिला मराठी वृत्तपत्रांनी आणि पाठ्यपुस्तकांनी ‘वसुंधरा परिषद’ म्हटले. शब्द जुना, त्याचे नवे काम परदेशातून आलेले, असा हा प्रकार आहे.

प्रथम ‘जीवनशैली’ ह्या शब्दाचा विचार करू. ‘राहणी’ हा शब्द मराठीत असताना ‘जीवनशैली’ घडवावा लागला, ह्याचे कारण केवळ अनुवादकाची संस्कृतप्रियता नव्हे. दोहोंत अर्थाचा भेद आहे. ‘राहणी’ ही ‘राहणे’ ह्या अकर्मक क्रियापदापासून आली आहे; माणूस जेथे जसा राहतो तशी त्याची राहणी. ती साधी असते, गरिबीची असते, खेड्यातली असते. ‘शैली’ हा शब्द मात्र आपण लेखनाच्या संदर्भात शिकलो. आणि शैलीविज्ञानाचा एक प्रमुख सिद्धांत असा की, एकच आशय सांगण्याचे अनेक पर्याय उपलब्ध असता लेखक त्यांतून जी निवड करतो ती शैली. पर्याय नसेल तेथे शैली नसते. मराठीत कर्त्यानंतर क्रियापद येणे ही कोणाची शैली नव्हे, ते व्याकरण आहे. हाच न्याय जीवनास लावला असता, ज्याच्यापुढे पर्याय आहेत त्यालाच जीवनशैली असते असे म्हणावे लागते. इतरांना राहणी असते. तेव्हा ‘जीवनशैली’ ह्या शब्दाची योजना करताच आपण, कळत वा नकळत, श्रोत्यापुढे पर्याय आहेत असे गृहीत धरलेले असते.

हे गृहीतक कोठे टिकते आणि कोठे टिकत नाही, हे पाहण्यासाठी हिंगोली जिल्ह्यातील कळमनुरी तालुक्यात, आखाडा बाळापूर येथे यावे. नांदेड-हिंगोली रस्त्यावरील हे बाजाराचे गाव. आसपास सोयाबीन, कापूस, तूर, हरभरा आणि हळद. गावाच्या नावात असलेला ‘आखाडा’ हा शब्द ह्या भागात कुस्तीच्या हौद्यापेक्षा शेतावरच्या वस्तीसाठी, म्हणजे जेथे जनावरे बांधतात, अवजारे ठेवतात आणि रात्री राखणीला झोपतात त्या जागेसाठी, अधिक ऐकू येतो. येथील माणूस ऊर्जा आणि पाणी ह्यांविषयी बोलताना कोणती वाक्ये वापरतो ते पाहावे. ‘लाईट आली’, ‘लाईट गेली’, ‘पाणी सुटलं’, ‘पाळी आली’, ‘भाव पडला’, ‘पाऊस लागला’. ह्या सर्व वाक्यांत वीज, पाणी, भाव आणि पाऊस हे कर्ते आहेत. क्रियापद अकर्मक आहे. आणि बोलणारा माणूस वाक्यात असलाच तर तो ‘मला’ किंवा ‘आपल्याला’ अशा रूपाने, ज्याच्यापर्यंत काही येऊन पोहोचते वा पोहोचत नाही अशा जागी, उभा आहे. शपथेचे वाक्य नेमके उलटे असते: मी वीज वाचवीन, मी पाणी जपेन. ‘मी’ प्रथमेत, क्रियापद सकर्मक, वीज आणि पाणी कर्माच्या जागी. एका वाक्यरचनेत जगणाऱ्या माणसाकडून दुसऱ्या वाक्यरचनेत वचन घेतले जात आहे.

ही केवळ व्याकरणाची गंमत नव्हे. उपरोक्त यादीतील एक कृती अशी आहे की, सिंचनाचा पंप वापर संपताच बंद करावा. सूचना निर्दोष आहे. परंतु महाराष्ट्रात कृषिपंपांना वीज पाळीपाळीने, काही दिवस दिवसा तर काही दिवस रात्री, मिळत आली आहे. आणि रात्री-अपरात्री वीज येताच पंप आपोआप सुरू व्हावा म्हणून शेतकरी त्याला ऑटोस्विच बसवतो. वीज वाया जाते, पाणी वाया जाते, आणि एकाच रोहित्रावरील सगळे पंप एकदम सुरू झाल्याने ते जळण्याचाही धोका असतो. हे सर्व त्याला ठाऊक आहे. सापविंचवाच्या वाटेने अंधारात विहिरीवर जाणे किंवा ऑटोस्विच बसवणे, एवढीच त्याची निवड. येथे बटण कोणाच्या हाती आहे ह्याचे उत्तर ‘लाईट आली’ हे वाक्य अचूक देते. ‘मी पंप बंद करीन’ हे वाक्य देत नाही. पिकाच्या निवडीचेही तेच. तालुक्याचा काही भाग इसापूर धरणाच्या कालव्याखाली येतो. हंगामात पाण्याची किती आवर्तने मिळणार हे ठरल्यावाचून तेथे रब्बीच्या पिकाचा निश्चय होत नाही, आणि तो आकडा शेतकरी ठरवीत नाही.

वचन देणे ही भाषेने केली जाणारी क्रिया आहे, हे ऑस्टिनने १९५५ च्या हार्वर्ड येथील व्याख्यानांत मांडले. ती व्याख्याने १९६२ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. त्याचा शिष्य जॉन सर्ल ह्याने १९६९ च्या आपल्या ग्रंथात वचनाच्या अटी अधिक काटेकोरपणे सांगितल्या. त्यांपैकी दोन येथे महत्त्वाच्या आहेत. वचन देणारा ती गोष्ट करण्यास समर्थ असला पाहिजे, ही एक. आणि ती गोष्ट तो एरवीही सहजक्रमाने करणारच आहे हे उभयतांना उघड दिसत असता कामा नये, ही दुसरी. जो रोज सूर्योदयाला उठतोच, त्याने ‘मी उद्या सूर्योदयाला उठेन’ असे वचन दिले तर ते खोटे ठरत नाही, पण पोकळ ठरते.

ह्या दोन अटी हाती घेऊन ती यादी आखाडा बाळापूरच्या एखाद्या सभागृहात वाचली तर काय दिसते? वातानुकूलन यंत्राचे तापमान २४ अंशांवर ठेवावे. शक्य तेथे उद्वाहनाऐवजी जिना वापरावा. ट्रेडमिलवर न धावता मोकळ्या हवेत धावावे. ह्या कृतींचे वचन येथील बहुसंख्य श्रोत्यांस देताच येत नाही, कारण ती वस्तूच त्यांच्यापाशी नाही. भात आणि गहू ह्यांऐवजी कडधान्ये व गळिताची पिके घ्यावीत, हे वचन दुसऱ्या अटीवर अडते: सोयाबीन, तूर आणि हरभरा पेरणाऱ्याने ते पेरणीतच पाळलेले आहे. थोड्या अंतरासाठी सायकल वापरावी, ह्याचेही तसेच. शाळेला सायकलीवरून येणाऱ्या मुलीकडून सायकल वापरण्याची शपथ घेणे हा एक विलक्षण समारंभ होय. यादी करणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे एक विशिष्ट नागरिक होता आणि त्याच्यासाठी ती योग्यच आहे. दोष यादीत कमी आणि ती सर्वांकडून सारख्याच ‘मी’ने म्हणवून घेण्यात अधिक आहे. ज्याच्या घरी दोन वातानुकूलन यंत्रे आहेत तो आणि ज्याच्या घरी पत्र्याखाली एक पंखा आहे तो, दोघेही एकाच वाक्याचे कर्ते बनतात. आणि वाक्य संपल्यावर दोघांनाही सारखेच काहीतरी केल्याचे समाधान मिळते. पहिल्याला ते फार स्वस्तात मिळते.

‘करीन’ ह्या रूपाकडे आता वळू. मराठीत वर्तमानकाळी क्रियापद कर्त्याचे लिंग सांगते: करतो, करते. भविष्यकाळी ते सांगत नाही: करीन, दोघांचेही. मोरो केशव दामले ह्यांच्या १९११ च्या व्याकरणापासून आपण आख्यातांची ही रूपे कोष्टकांत पाहत आलो आहोत. त्यांच्या सामाजिक उपयोगाकडे लक्ष देण्याचे प्रसंग थोडे. शपथा ‘करीन’मध्ये असतात, आणि त्यामुळे कोण करणार हा प्रश्न झाकला जातो. यादीतील कितीतरी कृती स्वयंपाकघरातल्या आहेत: खरकटी भांडी घासण्यापूर्वी भिजत घालावीत, भाजी धुतलेले पाणी झाडांना घालावे, स्वयंपाकास प्रेशर कुकर वापरावा. प्रस्तुत लेखकाने वर्गात अशी काही कलमे विद्यार्थ्यांना स्वतःच्या बोलीत सांगावयास लावली. बोलीत वचन देताना आपण सहसा भविष्यकाळ वापरीत नाही. ‘उद्या आणून देतो’ हे खरे वचन, ‘देईन’ ह्यात ‘पाहू’ची छटा असते. तेव्हा वाक्ये वर्तमानात आली, आणि येताच दुभंगली. मुली म्हणाल्या, ‘भांडे भिजू घालते.’ मुलांपैकी पुष्कळांनी क्रियापद बदलण्याऐवजी कर्ताच बदलला: ‘माय घालते.’ कोणी चेष्टेने बोलले नाही. त्यांच्या व्याकरणाने त्यांना खरे बोलावयास लावले. सामुदायिक शपथेत मात्र त्याच मुलांनी ‘मी’ म्हटले होते.

ह्यावर कोणी म्हणेल की, ‘मी’ टाळून ‘आपण’ योजावे. पुष्कळ फलकांवर तसे असतेही. परंतु ‘आपण’ हा शब्द वाटतो तितका निरुपद्रवी नाही. इंग्रजीतील ‘वुई’ आणि हिंदीतील ‘हम’ ह्यांत श्रोता धरला आहे की वगळला आहे हे कळत नाही. मराठीस ते सांगावेच लागते. ‘आम्ही’त श्रोता नसतो, ‘आपण’मध्ये असतो. शेजारच्या तेलुगूत ‘मेमु’ आणि ‘मनमु’ असा तोच भेद आहे, आणि नांदेड-हिंगोलीच्या माणसास तो शिकवावा लागत नाही. पर्यावरणविषयक मजकूर बहुधा इंग्रजीतून किंवा हिंदीतून येतो. ‘आपण पृथ्वीची हानी केली’ असे वाक्य लिहिताना अनुवादक, आपल्यास काही ठरवावे लागले ह्याची जाणीवही न होता, एक मोठा निर्णय करून मोकळा होतो. वस्तुतः ह्याच भेदावर गेली तीस-पस्तीस वर्षे राष्ट्राराष्ट्रांत वाद चालू आहे. १९९२ च्या हवामानविषयक करारात सर्वांची जबाबदारी सामायिक परंतु भिन्न मानली आहे. मराठीत सांगावयाचे तर, संकट ‘आपले’ आहे, पण ते ‘आपण’ सारख्या प्रमाणात केलेले नाही. जीवाश्म इंधनांपासून होणारे कार्बन डायऑक्साइडचे दरडोई वार्षिक उत्सर्जन भारतात सुमारे २ टन, जगाच्या सरासरीने साडेचार टनांहून अधिक आणि अमेरिकेत सुमारे १४ टन आहे. आंतरराष्ट्रीय परिषदांत भारत हा भेद आग्रहाने मांडतो आणि तो योग्यच आहे. मात्र देशाच्या आत, मुंबईतील मनोऱ्यात राहणारा आणि कळमनुरी तालुक्यातील तांड्यावर राहणारा ह्यांच्यात तोच भेद करण्याची वेळ आली की आपले गद्य एकदम ‘आपण’वर येते. बाहेर ‘आम्ही’ आणि घरात ‘आपण’, हे सर्वनामांचे राजकारण कोणी मुद्दाम केले असेल असे नाही. पण ते झाले आहे.

ह्याच शासनाच्या दुसऱ्या गद्याशी तुलना करून पाहावी. महाराष्ट्राने २३ मार्च २०१८ रोजी प्लास्टिक व थर्माकोल ह्यांच्या वस्तूंविषयी जी अधिसूचना काढली तिच्या शीर्षकातच उत्पादन, वापर, विक्री, वाहतूक, हाताळणी आणि साठवणूक अशी सहा नामे ओळीने येतात. भाषा रुक्ष आहे. तिला कोणी गोड म्हणणार नाही. पण त्या सहा नामांत सहा वेगळे कर्ते दडलेले आहेत, आणि कारखानदार त्यांत पहिला आहे. शपथेत ह्यांपैकी एकच क्रिया उरते: वापर. कायद्याच्या मराठीवर क्लिष्टतेचा आरोप आपण नेहमी करतो. येथे तिची क्लिष्टताच प्रामाणिक ठरली आहे.

दैनंदिन वर्तन आणि जगाचे दुःख ह्यांची सांगड घालणारे गद्य मराठीच्या परिसरात पूर्वी नव्हते असेही नाही. विनोबांच्या भूदानाची सुरुवात १८ एप्रिल १९५१ रोजी पोचमपल्ली येथे झाली, तेव्हा ते गाव आणि हिंगोली एकाच हैदराबाद संस्थानाच्या उत्तराधिकारी राज्यात होती. ‘जय जगत्’ हे त्या चळवळीचे पुढे अभिवादन झाले. ह्याहून जागतिक घोषणा कोणती? परंतु मागणी करताना विनोबा जगाकडे मागत नव्हते. ते जमीनवाल्याकडे जमीन मागत, आणि सहावा हिस्सा मागत. ज्याच्याकडे जे आहे त्याच्याकडे ते मागावयाचे, हा त्या गद्याचा वाक्यविचार होता. भूदानाचे फलित काय झाले हा निराळा विषय. वाक्याचा पत्ता मात्र बरोबर होता. गाडगेबाबांची रीत आणखी वेगळी. ते आधी गाव झाडीत, मग कीर्तनास उभे राहत, आणि कीर्तनात श्रोत्यांना प्रश्न विचारीत. श्रोत्याने स्वतःच्या तोंडाने उत्तर द्यावयाचे असे. दुसऱ्याने लिहिलेले ‘मी’ त्याच्या मुखी घालण्यापेक्षा त्याचेच ‘हो’ किंवा ‘नाही’ बाहेर काढणे ही वऱ्हाडी बोलीतील फार मोठी वाक्कला होती. त्यांच्या नावाने राज्यात ग्रामस्वच्छता अभियान चालले. त्यांची प्रश्नार्थक वाक्ये त्या अभियानाच्या फलकांवर फारशी उतरली नाहीत.

येथे एक खबरदारी घेणे आवश्यक आहे. जुन्या राहणीतील शब्द पुढे करून, आमचे पूर्वज पर्यावरणवादीच होते असे म्हणण्याचा मोह अलीकडे वाढला आहे. जुनी लुगडी-धोतरे शिवून केलेली वाकळ, सरपणासाठी रचलेली पऱ्हाटी आणि तुराटी, एकमेकांच्या शेतात आळीपाळीने राबण्याचा वारंगुळा, वस्तू ‘पुरवून’ वापरणे: ही शब्दसंपदा खरी आहे आणि ती नष्ट होण्यापूर्वी टिपून घेतली पाहिजे. परंतु वाकळ शिवणारे हात कोणाचे होते, सरपणाच्या मोळ्या कोणाच्या डोक्यावर होत्या, चुलीचा धूर कोणाच्या डोळ्यांत गेला, हे त्या शब्दांतच लिहिलेले आहे. ती काटकसर टंचाईतून आली होती. टंचाईला सद्‌गुणाचे नाव देणे आणि टंचाईत राहणाऱ्याकडून काटकसरीची शपथ घेणे, ह्या दोन चुका परस्परांच्या सख्ख्या बहिणी आहेत.

नव्या पारिभाषिक शब्दांविषयी विस्ताराने लिहिण्याचे कारण नाही. ‘भरडधान्य’ ह्यातील ‘भरड’ खटकल्याने २०२३ च्या अर्थसंकल्पात ‘श्रीअन्न’ आले. त्याच वर्षी संयुक्त राष्ट्रांचे भरडधान्य वर्ष होते. सोयाबीनने मराठवाड्यात ज्वारीचे जे क्षेत्र घेतले ते नामांतराने परत येणार नाही, आणि येथे तिला लोक जवारीच म्हणतात. ‘कार्बन पाऊलखुणा’ हा अनुवाद मात्र विचित्र आहे. मराठीत पाऊलखूण ही ज्याच्या मागे जावे अशा माणसाची असते, ती जपतात. येथे ती पुसावयाची आहे. ही कल्पना प्रत्येक व्यक्तीच्या हिशेबास लावून लोकप्रिय केली ती २००४-०५ च्या सुमारास ब्रिटिश पेट्रोलियम ह्या तेल कंपनीच्या जाहिरातींनी, हेही ध्यानात ठेवलेले बरे. तेल काढणाऱ्याने तेल जाळणाऱ्याच्या पायांकडे बोट दाखविले.

इतके दोष दाखविल्यावर, त्या यादीत जे उत्तम आहे त्याचाही उल्लेख केला पाहिजे. पाणी थंड ठेवण्यासाठी सार्वजनिक माठ ठेवावेत, असे एक कलम तिच्यात आहे. हे एकट्या ‘मी’ला जमणारे कलम नाही, आणि त्याला मराठीत ‘पाणपोई’ हा तयार शब्द आहे. दुसरे कलम ह्याहून सूक्ष्म आहे: नळाला नवे पाणी आले म्हणून साठविलेले पाणी ओतून देऊ नये. यादीतील ह्या एका वाक्याच्या लेखकास भारतीय घर आतून ठाऊक असले पाहिजे. आपल्याकडे अन्नाप्रमाणे पाणीही ‘शिळे’ होते. काल भरलेला हंडा आज शिळा, मग तो पाण्याने काठोकाठ भरलेला का असेना. आणि पाणी येण्याचा दिवस उजाडला की शिळे पाणी अंगणात जाते. ज्या घरी नळाला आठवड्यातून एकदाच पाणी येते तेथे हा शब्द आपोआप माघार घेतो, कारण तेथे सहा दिवस शिळेच पाणी प्यावयाचे असते. ज्या घरी ते रोज येते तेथे तो बळावतो. म्हणजे हे वचन कोणाकडून घ्यावयाचे हे कलमच सांगते, आणि सर्लच्या दोन्ही अटी ते पुऱ्या करते. मात्र मराठीत ते लिहिताना ‘साठविलेल्या पाण्याचा अपव्यय टाळीन’ असे लिहून भागणार नाही. त्यात ‘शिळे’ हा शब्द आला पाहिजे. आणि शक्य तर ते प्रश्नरूपाने, हंडा रिकामा करणाऱ्या बाईला नव्हे, तर पाणी शिळे झाल्याची तक्रार करणाऱ्या पुरुषाला विचारले गेले पाहिजे.